बुवांचा टायरॉड

“...आणि फोर्ज केलेला घेतला तर?”

बुवांनी ढेकर दिला.

“म्हणजे बुवा, ओतीव नाही, घडीव. तापवून, ठोकून केलेला. तो जास्त टिकतो म्हणतात. पण तो कडक असतो. चाक खड्ड्यात आपटलं तर तो स्वतः वाकत नाही, दणका पुढे ढकलतो, आणि मग पुढचं काहीतरी तुटतं. साधा घेतला तर तो आधी वाकतो, म्हणून पुढचं वाचतं. पण तो वाकला तेव्हा आपण घाटात असलो तर... म्हणजे दोन्हीकडून...”

शलाकाला धाप लागली.

“दोन्हीकडून काय?” बुवांनी विचारलं.

“दरीच.”

बुवांनी मान डोलावली. समोर तीन खोकी उघडून ठेवली होती. त्यांतलं एक चाचपडत उचलून त्यांनी नाकाशी नेलं. हुंगलं. मग दुसरं. मग तिसरं.

“सगळ्यांना वास एकच येतो,” ते म्हणाले.

“ग्रीसचा येतो तो.”

“छान असतो.”

आणि त्यांनी खोकी खाली ठेवली.

हे चाललं होतं करंजडोंगरावरच्या मठाच्या ओसरीवर, दुपारची पंगत उठल्यावर. मठ म्हणजे फार काही नाही. एक समाधी, एक ओसरी, एक स्वयंपाकघर आणि पत्र्याच्या शेडखाली एक जुनी जीप. मठाचे अच्युतबुवा सत्तरी ओलांडलेले. बोलणं मोजकं, भूक उत्तम. पंचक्रोशीतले लोक त्यांना प्रश्न विचारायला यायचे आणि बहुतेक वेळा प्रश्न घेऊनच परत जायचे, पण जाताना हलके होऊन जायचे.

शलाका पुण्याची. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी, मागून कोणी हाक मारली तर हातातलं भांडं सोडून देणारी. परीक्षा संपून वर्ष उलटलं तरी तिला परीक्षेची स्वप्नं पडायची. घरच्यांनी सुचवलं, मठात जाऊन राहा काही दिवस, मन शांत होईल. मन काही शांत झालं नाही. पण मठात आल्यावर तिला एक शोध लागला, की इथे सगळेच बिनघोर आहेत आणि काळजी घेणारी ती एकटीच आहे.

कोणाला विद्येचा गर्व असतो, कोणाला रूपाचा. शलाकाला काळजीचा होता. गॅसची नळी तीच तपासायची, पाण्याच्या टाकीचं झाकण तीच बघायची, साप निघू नये म्हणून आणि निघालाच तर काय करायचं म्हणून वेगवेगळी तयारी तीच ठेवायची. रात्री अंथरुणावर पडली की तिला वाटायचं, आपण आहोत म्हणून हा डोंगर जागेवर आहे.

तिला बुवांचा अनुग्रह हवा होता. तसं तिने विचारलंही होतं. बुवा म्हणाले होते, “डोळे झाले की बघू.”

डोळ्यांचं असं होतं, की बुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून. तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, उजव्या डोळ्यातला मोती फार पिकलाय, आता चालढकल केलीत तर डोळा हातचा जाईल. ऑपरेशनची तारीख दिली होती. ती हुकली. मग दुसरी दिली. तीही हुकली. तिसरी उद्याची होती, आणि ही शेवटची, पुढे डॉक्टर परगावी जाणार होते.

दोन्ही तारखा हुकल्या त्या टायरॉडमुळे.

टायरॉड म्हणजे स्टिअरिंगचं म्हणणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारी दांडी. जीप चालवणारा मठातला जुना शिष्य तीर्थयात्रेला गेला तो तिकडेच रमला, आणि लायसन्स असलेली शलाका एकटीच उरली. ती पहिल्याच दिवशी घाटात निघाली आणि पहिल्याच वळणावर पुढून आवाज आला. खट्ट. तिने तिथूनच गाडी मागे आणली. बाकी सगळे म्हणाले, जुनी गाडी आहे, बोलायचीच. पण खाली राहणाऱ्या यासीन मिस्त्रींनी येऊन चाक हलवून पाहिलं तर खरोखरच टायरॉडचे दोन्ही टोकांचे सांधे झिजून ढिले झालेले. जीपने अजून साथ दिली होती हेच नशीब. मिस्त्रींनीसुद्धा शलाकाच्या कानाचं कौतुक केलं. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

दांडी नवी घालायची हे तर ठरलं. कोणती घालायची, तिथे गाडं अडलं.

साधी घ्यावी, की जास्त दमाची? सीलबंद घ्यावी, की ग्रीस भरायची सोय असलेली? ग्रीस भरायची सोय असली आणि भरायचं राहून गेलं तर? सीलबंद असली आणि आतल्या आत सुकली तर? शलाका मठामागच्या खडकावर जाऊन बसायची, तिथेच काय ती फोनला रेंज यायची, आणि जगभरातली माणसं आपापल्या टायरॉडबद्दल काय म्हणतात ते वाचत राहायची. पहिली तारीख वाचण्यात गेली. दुसऱ्या तारखेपर्यंत तिने तीन प्रकारचे टायरॉड मागवले होते आणि तिन्ही समोर ठेवून ती रडकुंडीला आली होती. मिस्त्री दोनदा डोंगर चढून आले आणि चहा पिऊन उतरले.

मधल्या काळात गावच्या एकाने आपला टेम्पो देऊ केला. शलाकाने टॉर्च घेऊन टेम्पोखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, तुमचा टायरॉड तर आमच्यापेक्षा वाईट आहे. तो जो रागावून गेला तो परत आरतीलाही आला नाही. मोटरसायकलवर मागे बसवून नेतो म्हणणाऱ्याकडे तर तिने असं काही पाहिलं की त्याने स्वतःच गाडी ढकलत नेली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. शलाका दूध बघायच्या आधीच फुंकत होती.

आणि ह्या सगळ्यात भर पडली ती ठकूमावशीची.

ठकूमावशी मठाचं स्वयंपाकघर सांभाळायच्या. कान थोडे मंद, पण बातमी पोचवण्यात डोंगरावर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एक दिवस शलाका खडकावर बसून दुकानदाराला फोनवर मोठ्याने सांगत होती, की बुवांचा टायरॉड पार गेलाय, दोन्ही बाजूंनी बदलावा लागणार, आता दिरंगाई केली तर जिवावर बेतेल. मावशी तिथे गोवऱ्या वेचत होत्या.

संध्याकाळपर्यंत खालच्या गावात कळलं होतं, की बुवांना थायरॉइड झालाय. दोन्ही बाजूंनी.

दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. कोणी धण्याचं पाणी आणलं. कोणी कांचनाराची साल आणली. मास्तरांच्या बायकोने स्वतःच्या गोळ्यांतल्या अर्ध्या आणल्या, त्या शलाकाने झडप घालून काढून घेतल्या. मठात कोबी बंद झाला. एका आजींनी बुवांच्या गळ्यात काळा दोरा बांधला आणि बोटं मोडली. बुवांनी मान पुढे केली, दोरा बांधून घेतला, धण्याचं पाणी प्यायले, आणि ज्याने जे सांगितलं त्याला म्हणाले, “बरं.”

शलाकाने ठकूमावशींना समजावून पाहिलं. मावशी, तो बुवांचा नाही, टायरॉड गाडीचा आहे.

मावशी हातातलं लाटणं थांबवून तिच्याकडे बघत राहिल्या.

“गाडीलापण झाला?”

नंतर त्या हळूच म्हणाल्या, “संगतीनं होतंय म्हणा.”

त्या दुपारी ओसरीवर, खोकी हुंगून झाल्यावर, शलाकाला हेच आठवलं आणि तिला जरा रागच आला. टायरॉडचं राहिलं बाजूला. ती म्हणाली, बुवा, तुम्ही तरी त्यांना सांगायचं. तुम्हाला थायरॉइड नाही.

“नाही,” बुवा म्हणाले.

“मग धण्याचं पाणी कशाला पिता?”

“ते आणतात म्हणून.”

“पण ते खोटं आहे ना.”

“पाणी खरं आहे.”

शलाका चिडून म्हणाली, की त्यांची काळजी चुकीच्या जागी आहे एवढं तरी सांगायला नको का.

बुवांनी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यावरून बोट फिरवलं.

“काळजीला बसायला जागा लागते,” ते म्हणाले. “त्यांची माझ्या गळ्यावर बसली.”

“आणि?”

“आणि काय... तुझी गाडीखाली.”

शलाकाला हे लागलं. तिने सांगायला सुरुवात केली, की तिची काळजी आणि त्यांची काळजी एका मापाने मोजता येणार नाही. आपला टायरॉड खरोखर झिजलेला होता. मिस्त्रींनी हलवून दाखवला होता. आपण ऐकलं नसतं तर आज... ती बोलत राहिली आणि बुवा ऐकत राहिले. ती थांबली तेव्हा बुवांनी भलतंच विचारलं.

“शलाका म्हणजे काय गं?”

ती गोंधळली. म्हणाली, काडी. अंजन घालायची. आजोबांनी ठेवलं होतं नाव.

“डोळ्यांत घालायची?”

“हो.”

“अस्सं...” बुवा म्हणाले, आणि भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने घोरण्याचा आवाज आला.

रात्री शलाकाने तिन्ही खोकी उशाशी घेऊन झोपायचा प्रयत्न केला. आपल्याला स्वप्नात परीक्षा दिसेल असं तिला वाटलं होतं. दिसली ती ठकूमावशी, टायरॉड लाटताना.

सकाळी उजाडताच मिस्त्री आले. ह्या वेळी त्यांनी चहा आधीच घरून पिऊन आल्याचं सांगितलं. दवाखान्यात बुवांचा नंबर दहाला होता आणि घाट उतरायलाच बराच वेळ जायचा, म्हणून त्यांनी कोणाला न विचारता कामाला हात घातला. जीपचं तोंड उचलून खाली लाकडी ठोकळे लावले, पुढची चाकं काढली, जुने सांधे ठोकून मोकळे केले. मग हात पुसत शलाकाकडे वळले आणि म्हणाले, द्या ताई, कोणता ते.

शलाका खोकी घेऊन उभी होती.

परदेशी बनावटीचा होता त्याचे आटेच वेगळे होते, तो ह्या जीपला बसतच नव्हता. हे तिला पार्सल उघडल्याच्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी तो दिसायला इतका भक्कम होता, की नाही म्हणवत नव्हतं. दुसरा जास्त दमाचा. तो बसायचा, पण त्याच्याबरोबर आणखी दोन गोष्टी बदलाव्या लागायच्या, आणि त्या आणलेल्याच नव्हत्या. तिसरा साधा. गाडीबरोबर मुळात आला होता तसाच. निमूट बसणारा.

“साधा...” ती म्हणाली.

मिस्त्रींनी हात पुढे केला.

“...बसतो, पण,” ती म्हणाली, आणि मिस्त्रींचा हात हवेत राहिला.

तिने विचारलं, साध्याचं रबर फाटलं तर? मिस्त्री म्हणाले, फाटलं तर दिसतं, मग बदलायचं. तिने विचारलं, दिसलं नाही तर? मिस्त्री म्हणाले, तुम्हाला दिसणार नाही असं होईल का ताई. हे खरं तर कौतुक होतं, पण शलाकाला त्यात टोमणा ऐकू आला. ती पुन्हा दमाच्या टायरॉडकडे वळली. ती दोन सामानं तालुक्याहून आजच्या आज आणता येतील का, तिने विचारलं. मिस्त्रींनी आकाशाकडे पाहिलं. ठकूमावशी धण्याच्या पाण्याची बाटली घेऊन ओसरीवर तयार बसल्या होत्या. त्याही आकाशाकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात बुवा उठले.

एका हाताने भिंत धरत, मग खांब, मग काहीच नाही, असे ते शेडपर्यंत आले. जीपचं दार चाचपून उघडलं. आणि चढून बसले. आपल्या नेहमीच्या जागी नाही, स्टिअरिंगपाशी.

शलाकाच्या हातातली खोकी खाली पडली.

बुवांनी हॉर्न वाजवला. झाडावरचे कावळे उडाले. मग त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, पुन्हा डावीकडे. समोर घाट दिसत असावा अशा बेताने. खाली चाकं नव्हती, दांडीही नव्हती. स्टिअरिंग गरगर फिरत होतं.

“थांबा,” शलाका ओरडली, आणि धावत जाऊन बोनेटपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली.

मिस्त्री तोंडावर फडकं धरून दुसरीकडे बघायला लागले.

“कुठे निघालात?” शलाकाने विचारलं.

“डोळे करायला.”

“बुवा, उतरा खाली. तुम्हाला दिसत नाही.”

“हो.”

“आणि गाडीला चाकं नाहीत.”

“हो का?” बुवांनी स्टिअरिंग थांबवलं. विचार केला. “मग तू पुढे का उभी?”

शलाकाने आपल्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं. ठोकळ्यांवर चढवलेल्या, चाकं नसलेल्या जीपला ती जिवाच्या आकांताने अडवून उभी होती. तिने हात हळूहळू खाली घेतले. पण बाजूला काही झाली नाही. न जाणो.

बुवा बोटांवर मोजू लागले.

“मला नजर नाही, म्हणून मी चालवायची नाही. बरोबर. गाडीला चाकं नाहीत, म्हणून तिने चालायचं नाही. तेही बरोबर.”

तिसरं बोट त्यांनी धरलं... आणि आवाजाच्या अंदाजाने तिच्याकडे तोंड केलं.

“तुला काय नाही?”

शेडवरच्या पत्र्यावर काहीतरी टपकन पडलं. शलाका दचकली नाही. म्हणजे तिला ते ऐकूच आलं नाही.

“खात्री,” ती म्हणाली.

“कसली?”

“कसलीच.”

एवढं बोलून तिचे डोळे भरून आले. परीक्षेत सगळी उत्तरं येत असून कोरा पेपर देऊन उठल्यासारखं तिला झालं. बुवांचा डोळा आज गेला, तर तो टायरॉडमुळे जाणार नव्हता, मोतीबिंदूमुळेही नाही. हे तिला पहिल्यांदाच इतकं लख्ख दिसलं, आणि ते पाहून तिला नेहमीसारखी भीती वाटली नाही. लाज वाटली. लाजेत पाय तरी हलतात.

बुवांनी मान बाहेर काढली.

“मिस्त्री, खात्री ठेवता का हो तुम्ही?”

मिस्त्रींनी फडकं खाली घेतलं. ते गांभीर्याने म्हणाले, “खात्री नाही बुवा. गॅरंटी असते. सहा महिने.”

“सहा महिने पुष्कळ झाले,” बुवा म्हणाले, आणि जीपमधून उतरायला लागले.

शलाका वाकली. खाली पडलेल्या खोक्यांतलं साधं उचललं आणि मिस्त्रींच्या हातात दिलं. दिलं, आणि सोडलं. सोडताना बोटं थोडी चिकटली, पण सोडलं.

मिस्त्रींनी अशी घाई केली की जणू तिचं मन बदलायच्या आत त्यांना सगळे बोल्ट आवळायचे होते. जुना जितका आत होता तितक्याच आट्यांवर नवा बसवला, पिना घातल्या, चाकं चढवली, दोरी लावून दोन्ही चाकांची तोंडं सरळ आहेत ना ते पाहिलं, आणि म्हणाले, घाटापुरतं हे चोख आहे, पण दवाखान्याचं आटोपलं की तालुक्यात मशीनवर अलाइनमेंट करून घ्या. एवढं सांगून ते मोटरसायकलवर बसले आणि पुढे निघून गेले. मागे राहिले असते तर आणखी काहीतरी विचारलं गेलं असतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

बुवा शेजारी बसले. ठकूमावशी मागे बसल्या, पाण्याची बाटली मांडीत घेऊन. गळ्याचं आधी करणार की डोळ्याचं, एवढंच त्यांनी विचारलं. शलाकाने किल्ली फिरवली आणि पहिला गिअर टाकला.

घाट सुरू झाला.

पहिलं वळण आलं तेव्हा तिने श्वास रोखला. आवाज आला नाही. दुसऱ्या वळणावरही नाही. तिसऱ्या वळणावर रस्त्यात एक वानर बसलेलं होतं. तिने ब्रेक मारला, मावशींनी देवाचं नाव घेतलं, बाटलीतलं थोडं पाणी बुवांच्या पाठीवर सांडलं. वानर उठून बाजूला झालं आणि जीप जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिलं. जीप इतकी सावकाश जात होती, की त्याला बराच वेळ बघावं लागलं.

एका वळणावर डाव्या हाताला दरी उघडली. शलाकाने तिकडे पाहिलं नाही. स्टिअरिंग तिच्या हातात होतं, आणि ती जिकडे वळवत होती तिकडेच चाकं वळत होती. एवढी साधी गोष्ट. जीप सांगितली त्या बाजूला जात होती, सांगितली नाही त्या बाजूला जात नव्हती. शलाकाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपलं मुकाट ऐकतंय असं वाटलं. तिला हसू आलं. मग हसताना लक्ष उडेल म्हणून तिने ते आवरलं.

“बुवा, आवाज येत नाही,” ती म्हणाली.

“हं.”

“अजिबातच येत नाही.”

“हं.”

“इतकं शांत असणं बरोबर आहे ना?”

बुवा वाऱ्याकडे तोंड करून बसले होते आणि त्यांची पांढरी दाढी खांद्यावरून मागे उडत होती. मावशींनी पदराने त्यांची ओली पाठ पुसून दिली.

घाट संपला. शेवटचं वळण उलगडलं आणि सपाट, सरळ, मोकळा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं. खूप लांब, रस्त्याच्या टोकाला, दवाखान्याची पांढरी इमारत दिसायला लागली. शलाकाला वाटलं, आलोच.

पण इमारत काही जवळ येईना.

आणि तेवढ्यात आवाज सुरू झाला. खट्ट नाही. हा वेगळाच होता. पुढून कुठूनतरी, सलग, वाढत जाणारा, दाराआड कोंडून ठेवलेल्या माणसाच्या ओरडण्यासारखा. बोनेट थरथरत होतं. शलाकाने स्टिअरिंग घट्ट धरलं. दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला मागून आला, बाजूने पुढे गेला, आणि जाता जाता बुवांना ओळखून, एक हात सोडून, त्याने नमस्कारही केला.

“गळ्याला जपा बुवा,” तो ओरडला आणि निघून गेला.

शलाकाच्या कपाळावर घाम आला. मनात सगळी यादी उलगडली. बेअरिंग असेल. पट्टा असेल. रेडिएटरचा पंखा असेल, किंवा इंजिनाच्या आतलंच काहीतरी, ज्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं. मोबाइलला इथे चांगली रेंज होती. गाडी बाजूला घेऊन थोडंसं वाचता आलं असतं. दवाखान्यात दहाला नंबर होता. घड्याळाकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

तिचा पाय ब्रेककडे गेला... आणि तिथेच थांबला.

“बुवा,” ती म्हणाली, “टायरॉड तर बदलला. तरी गाडी अशी ओरडतेय. आता काय बदलायचं?”

बुवांनी आवाजाकडे कान दिला. बराच वेळ ऐकलं. मागे मावशींनीही श्वास धरला होता.

“गिअर,” बुवा म्हणाले.